घरटी एक

भामाबाई पालीहून चढण चढून आली तेव्हा कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं होतं, आणि तरीही टेकायच्या आधीच ती बोलायला लागली.

"दादा, खाली सरकारी काम निगालंय. रस्त्याचं. पालीपासनं वर आपल्या वस्तीपत्तुर."

मरगळ्यांच्या घरात त्या दुपारी सगळीच माणसं होती. आदल्या दिवशी वाघजाईची पूजा झाली होती, त्यामुळे गुरं जवळच्याच दांडावर सोडून पोरं घरी परतली होती. कोंडिबा घोंगडीवर बसून सुताचा दोर वळत होता. त्याचा बाजी आणि वारलेल्या धाकट्या भावाचा, चिमाजीचा, रायबा असे दोघं चुलतभाऊ कुडाला टेकून पेंगत होते. आत्याच्या पहिल्याच वाक्याला दोघांचीही झोप उडाली.

धोंडाबाईनं नणंदेच्या हातात ताकाचा लोटा दिला. "आदी पानी तरी प्या, वन्सं. रस्ता काय लगीच पळून चाललाय व्हय?"

भामाबाईनं घटाघटा ताक पिऊन पदरानं तोंड पुसलं. "ज्याला शेत न्हाई, नुस्ती गुरं हायती, त्याच्या पोरान्ला काम. शिकल्यालं नसलं तरी चालतंय. मिरगापत्तुर. मजुरी बाजारादिवशी पोराच्या हातात. कचेरीचा मानूस परवा वर येनार हाय, घरं बगाया. पन येक हाय." ती थांबली. "घरटी येकच पोरगं घेनार."

बाजीनं रायबाकडं बघितलं आणि रायबानं जमिनीकडं.

धोंडाबाईनं आधी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलेलं होतं की कोंडिबाचा दोर वळणारा हात थांबला की तो काहीतरी ठरवून मोकळा झालेला असतो. हात थांबला.

"रायबा जाईल," कोंडिबा म्हणाला.

"का?" धोंडाबाईच्या तोंडून शब्द सुटून गेला. "बाजी कुनाचा हाय? रस्त्यावर सापडल्याला?"

"आगं, बिनबापाचं पोर हाय त्ये. बाजीला म्या हाय."

"दर टायमाला त्येच! नवं घोंगडं आलं, रायबाला. जत्रंला कोन जानार, रायबा. माज्या पोरानं मागंच ऱ्हायाचं. आवं, रानात गुरं न्ह्यायाची बंदी वाढत चालली. हाताला दुसरं काम शिकला तर उद्या चार घास खाईल, नाय तर तुमच्यावानी दोर वळत बसंल."

"आये, आसूंदे," बाजी पुटपुटला, पण त्याच्या 'असूदे'त काही जीव नव्हता.

भामाबाईनं भावजयीची बाजू घेतली. "वयनीचं काय चुकलं, दादा? बाजी थोरला हाय. त्याचं लगीन तोंडावर आलंय." मग चुलीकडच्या अंधाराकडं तिची नजर गेली आणि तिचा आवाज उतरला. "तसं रायबाचंबी खरंच हाय म्हना. चिमाजी असता तर…"

चुलीकडं ठकुबाई बसली होती, चिमाजीची बायको. नवरा गेल्यापासून ती थोरल्या दिरासमोर कधी मोठ्यानं बोलली नव्हती. काही सांगायचंच झालं तर भिंतीकडं तोंड करून जावेला सांगायची आणि ते कोंडिबाच्या कानावर पडायचं. आत्ताही ती तशीच बोलली.

"आक्का, बाजीला जाऊ द्या. रायबा गुरं बगंल."

धोंडाबाईला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र उलटंच. ठकीनं भांडावं, नाक मुरडावं, चार शब्द ऐकवावेत, म्हणजे आपल्यालाही चार ऐकवता येतील. ती दर वेळी असं सोडून द्यायची आणि दर वेळी धोंडाबाईच वाईट ठरायची.

तेवढ्यात रायबा उठला. पोरगा अबोल होता, बापासारखाच उंच, दारातून वाकून जाणारा. तो बाहेर निघालाच होता, पण उंबऱ्याशी थांबला.

"थोरले आबा, मला मजुरीचं काय न्हाई. बापाला झोळीत घालून खाली न्हेताना त्या खडकाच्या उतरनीवर आमी बसलो हुतो. झोळी पुडंच जाईना. तितंच त्यो गेला. त्यो खडक फोडायला मला जायाचंय." एवढं बोलून तो गेलाच.

कोंडिबानं दोर बाजूला ठेवला. त्या दिवशी झोळीचा पुढचा दांडा त्याच्याच खांद्यावर होता.

धोंडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते ताकाच्या भांड्यावर वाकून लपवलं. ते पोर तिनंही वाढवलं होतं. ठकी बाळंतपणानंतर तापानं पडलेली असताना रायबा धोंडाबाईच्याच अंगावर पिऊन मोठा झाला होता.

शेवटी भामाबाई म्हणाली, "चुली दोन असत्या तर दोगंबी गेली असती."

"म्हंजी?"

"घर म्हंजी चूल. कचेरीचा मानूस चुली बगतो. पालीत त्या सोनबाच्या घरात भावाभावांच्या चुली येगळ्या हायती, त्येंची दोन पोरं घेतली."

धोंडाबाई ताठ बसली. जावाजावांची बाचाबाची झाली की कितीदा तरी ती बोलली होती, 'येगळी चूल मांड आन् सूक भोग.' तेव्हा ते रागाचं बोलणं होतं. आज पहिल्यांदाच ते शहाणपणाचं वाटलं. "मग मांडू की चूल! पडवीत जागा हाय. येवडी चूल मांडायला काय लागतंय? गडी आला की दाखवायची. मिरीग लागला की मोडायची."

"सरकारला खोटं सांगायचं?" कोंडिबा म्हणाला.

"त्यात काय खोटं?"

"माज्या तोंडातनं खोटं निगायचं न्हाई." तो उठून दारापाशी गेला. बाहेर रायबा दगडावर बसून राजगडाकडं बघत होता. कोंडिबा थोडा वेळ त्याला पाहत राहिला. मग वळला. "येगळी म्हनायची तर येगळी पायजे. चूल मांडायची तर त्या चुलीवर रांदायचं. त्येंचं दानं त्येंच्या कनगीत. दूध वाटून. पोरं खाली हायती तवर तरी खरंखुरं ऱ्हायाचं. जमतंय का बगा."

"जमंल की," धोंडाबाई पटकन म्हणाली. ठकुबाईनं मान खाली घातली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी जावांनी मिळून चूल घातली. धोंडाबाईनं वारुळाची माती पाटीभर आणली आणि ठकुबाईनं ती शेण घालून तुडवली. पडवीत वासरं बांधायची जागा होती. ती झाडून, सारवून लख्ख केली. धोंडाबाईचा हात मातीला चांगला. चुलीची तिन्ही थानं तिनं अशी जुळवली की तवा ठेवला तर हलू नये आणि भांडं ठेवलं तर कलंडू नये.

"तोंड वाऱ्याकडं नगं," ती म्हणाली. "धूर डोळ्यांत जाईल तुज्या."

"चार दिसांची तर चूल, आक्का."

"चार दिसांची झाली म्हनून वाकडी घालायची व्हय?"

ठकुबाई हसली. धोंडाबाईलाही हसू आलं. मग ती घरात जाऊन एक तवा घेऊन आली, कानाला चिरलेला. पडवीच्या दारात थांबली, तव्याकडं पाहिलं, परत फिरली आणि चांगला तवा घेऊन आली.

कचेरीचा माणूस ठरल्या दिवशी आला. मानसिंग नाव त्याचं, भोंगवलीकडचा. चढणीनं दमून तो दारातल्या दगडावर धपकन बसला आणि कॅनव्हासच्या बुटातले खडे झटकायला लागला. असा माणूस धोंडाबाईला सरकारी वाटेना. पण चौकशी त्यानं नीट केली. शेत नाही ना, गुरं किती, पोरं अंगानं धडधाकट आहेत ना. मग पडवीत डोकावला. चुलीवर नाचणीची भाकरी फुगत होती.

"हे वेगळं घर का?"

धोंडाबाई उत्तर द्यायला पुढं झाली, पण मानसिंगनं हात केला. "त्यांना बोलू द्या, बाई. चूल त्यांची आहे."

ठकुबाईनं भाकरी उलटली. समोर थोरला दीर उभा होता. तिनं भिंतीकडं तोंड केलं नाही. पदर सावरला आणि सरळ त्या माणसाकडं बघून म्हणाली, "व्हय. म्या येगळी हाय. माजं हे घर, आन् रायबा माजा ल्योक."

आवाज मोठा नव्हता, पण इतका स्वच्छ होता की धोंडाबाईला वाटलं, ही कुणी दुसरीच बाई बोलली. तिनं कोंडिबाकडं पाहिलं. त्यानं नजर दुसरीकडं वळवली होती.

मानसिंगनं दोन्ही नावं घेतली. निघताना कोंडिबानं त्याला थांबवलं. "साहेब, येक इचारू? माजा बाप वेठीला जायाचा. साहेबलोक शिकारीला आले की त्येंचं सामान डोईवर घिऊन रानोमाळ फिरायचा. भाकरी घरची, आन् मार त्येंचा. रस्त्याचं काम म्हनलं की मला त्येच आठवतं. ही पोरं तसली तर न्हाईत ना जानार?"

मानसिंग बूट घालता घालता थांबला. "बाबा, ते दिवस गेले. संस्थानं गेली, वेठही गेली. एखादं पोरगं आजारी पडलं तर त्यानं घरी राहावं. मुकादम वेडंवाकडं बोलला तर मला येऊन सांगावं. आणि रस्ता कुठं येणार? तुमच्याच दारात ना?"

"दारात येतोय, म्हनून तर पाठवतोय," कोंडिबा म्हणाला.

पोरं खाली जाऊ लागली. पहाटे दोघं मिळून उतरायची आणि दिवस कलल्यावर मिळूनच वर यायची, अंगभर पांढरी धूळ घेऊन. पहार कशी धरायची, सुरुंगाचं भोक कुठं पाडायचं, स्फोटाआधी कुठं आडोसा घ्यायचा, असलं काय काय ती बोलायची. बाजी पहिल्यापासून बडबड्या, पण आता रायबाही बोलायला लागला होता. एकदा तर त्यानं भामाआत्याच्या नवऱ्याची नक्कल केली आणि कोंडिबा इतका हसला की ठसका लागला.

घरावरून मात्र आता दोन ठिकाणांहून धूर निघत होता. धोंडाबाईला आधी आठ दिवस फार मोकळं वाटलं. भाकऱ्या कमी थापायच्या, भांडी कमी, कुणाशी उखाळ्यापाखाळ्या नाहीत. मग हळूहळू ते मोकळं वाटणं ओकंबोकं वाटायला लागलं. भाकरी थापताना ती कालवणाचं बोलायला मान वळवायची आणि शेजारी कुणी नसायचं. पडवीतून मायलेकाचं बोलणं यायचं, मधूनच हसणं यायचं. ठकी हसते हेच ती विसरून गेली होती. एका सकाळी जात्याच्या घरघरीबरोबर गाण्याचा सूर आला आणि धोंडाबाई हातातलं काम टाकून ऐकत बसली. चिमाजी गेल्यापासून ठकीनं जात्यावर तोंड उघडलं नव्हतं.

"काय वो, बाजीबी तिकडंच जेवतो हल्ली," ती एकदा नवऱ्याला म्हणाली.

"जेवूंदे. चुलतीचंच घर हाय."

"चुलतीचं घर कुठलं आलंय? मिरगापत्तुरची चूल ती."

कोंडिबा दोर वळत राहिला.

मृगाच्या तोंडावर काम बंद झालं. रस्ता वस्तीच्या खालच्या वळणापर्यंत आला होता. उरलेला पुढच्या उन्हाळ्यात. ज्या खडकाच्या उतरणीवर चिमाजी गेला होता, तिथून आता दोन बैलगाड्या बाजूबाजूनं गेल्या असत्या. शेवटच्या दिवशी कोंडिबा स्वतः खाली उतरला आणि त्या रुंद जागेवर पुतण्याशेजारी बराच वेळ उभा राहून आला.

त्या संध्याकाळी धोंडाबाईनं वरीचा भात घातला, तूप काढलं, वालाची आमटी केली. सगळ्यांची पानं तिनं एकाच ओळीत मांडली. मनातून ती इतकी खुशीत होती की पडवीच्या दारात जाऊन तिनं लहान पोरीसारखी हाक मारली, "ठके! चल, सुटली तुजी शिक्षा! उद्या सकाळी दोगी मिळून मोडू ही चूल."

ठकुबाई जेवायला आली. पोटभर जेवली, वाढायलाही लागली. पोरं हात धुवायला बाहेर गेली, भांडी गोळा झाली, तेव्हा ती धोंडाबाईजवळ बसली.

"आक्का, रागावू नगा. चूल ऱ्हाऊ द्या."

धोंडाबाईला आधी समजलंच नाही. "कशाला? काम तर संपलं."

"कामासाठी न्हाई. माज्यासाठी."

"म्हंजी येगळी ऱ्हानार?" धोंडाबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्या काय कमी केलं तुला? तोंडानं फाटकी हाय म्या, मला ठावं हाय. पन तुज्या पानात कंदी कमी वाढलं का?"

"न्हाई, आक्का. देवाशपथ न्हाई." ठकुबाईनं तिचा हात धरला. "तुमी वाढलं त्ये सोन्यावानी हुतं. पन त्यो गेल्यापासनं भूक लागली म्हनून म्या कंदी जेवली न्हाई. तुमी हाक मारली म्हनून जेवली. निजा म्हनला की निजली. ह्या दोन म्हयन्यात म्याच ठरवलं, आज काय रांदायचं, कवा जेवायचं. रायबा आला की इचारतो, आये, काय क्येलंस? आक्का, मला पुन्यांदा मानूस झाल्यावानी वाटलं."

धोंडाबाईनं हात सोडवून घेतला. भांडणात आपण हजारदा काढलेली वेगळ्या चुलीची गोष्ट हिनं एकदाच काढली होती, तीही न भांडता. तिनं आधारासाठी नवऱ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, हा ओरडेल, थोरलेपणानं नाही म्हणेल, म्हणजे सगळं मिटेल.

कोंडिबा दारात बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "चिमाजीचा वाटा हायच," तो शांतपणे म्हणाला. "आज न उद्या रायबाला द्यायचाच हुता. कंचं जनावर द्यायचं त्ये मात्र म्या न्हाई ठरवनार. गोठा तुजा हाय. तूच बग." आणि तो घोंगडी घेऊन बाहेर निजायला गेला.

धोंडाबाईला झोप अशी लागलीच नाही. सारखं मनात यायचं, म्हातारी म्हैस द्यावी, म्हणजे कळेल वेगळं राहणं कसं असतं ते. मग ठकीचं ते 'मानूस झाल्यावानी' आठवायचं. आपल्याला कधी कुणी विचारलं होतं, आज काय केलंस? बाजीनं विचारलं होतं, कोंडिबानं विचारलं होतं, रोजच विचारत होते. तिच्या ते कधी ध्यानातही आलं नव्हतं.

उजाडल्यावर ती गोठ्यात शिरली. म्हाताऱ्या म्हशीच्या दाव्याला तिनं हात घातला, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि हात मागं घेतला. मग पलीकडं जाऊन चांदी सोडली. ती गेल्या महिन्यातच व्यालेली, गोठ्यातली सगळ्यात दुधाची म्हैस. तिचं रेडकू आपोआप मागं निघालं. पडवीपुढच्या खुंटाला दावं बांधून धोंडाबाईनं हाक मारली.

ठकुबाई बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. "आक्का, ही तुमच्या हाताखालची हाय. ही नगं."

"आता तुज्या हाताखालची. धार काडताना डाव्या अंगाला बस. उजवीकडनं लाथ मारती." धोंडाबाईनं म्हशीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. "आन् वैरन सकाळी आदी घाल, मग पानी. उलटं केलंस तर फुगून बसती."

ठकुबाई पाया पडायला वाकली, पण धोंडाबाईला ते नको होतं. ती भराभरा चालत घरात गेली.

घरात चूल गार पडली होती. रात्रीच्या तळमळीत विस्तव राखायचं तिला सुचलंच नव्हतं. राखेत उकरून पाहिलं तर एक ठिणगी नाही. काड्यापेटी बाजी खाली विसरून आला होता. कोंडिबाला चहा हवा होता आणि पोरं गुरं सोडायच्या घाईत होती. धोंडाबाई खापरी हातात घेऊन थोडा वेळ बसून राहिली. मग उठली, घराला वळसा घातला आणि पडवीच्या दारात, उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ठके," ती म्हणाली, "इस्तू हाय का?"

"हाय की." ठकुबाईनं घाईघाईनं पाट पुढं केला, पदरानं पुसला. "आत या, आक्का. बसा. च्या टाकलाय, घिऊनच जावा."

धोंडाबाईनं चपला दारात काढल्या, आणि आत जाऊन बसली.